पोरगी चित्रातच रमते, गोष्ट पुढे सरकतच नाही!

प्रश्न: ताई, माझी मुलगी चार वर्षांची आहे. अस्वलाच्या पिल्लाच्या जंगलसफरीचं पुस्तक आणलं, पण मी दोन ओळी वाचल्या की ही मला थांबवते अन् चित्रावरच बोट फिरवत बसते. काय करू?
– एक आई, धरमपेठ, नागपूर

उत्तर: अहो, बसू द्या की तिला! ती वाचतेच आहे, चित्र वाचतेय. चांगल्या चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट मजकुरात नसतेच, म्हणजे मजकूर म्हणतो पिल्लू एकटंच निघालं आणि मागे झाडीत चमकणारे दोन डोळे फक्त चित्रात असतात, ते पोरांना आपल्याआधी सापडतात. ही पुस्तकं बहुतेक 32 पानांची, त्यामुळे सगळा सस्पेन्स पान उलटण्यावर, उजव्या पानावर पिल्लू घसरतं अन् पुढे काय ते पलीकडे. तिथे थांबा, "आता गं?" विचारा. डरकाळ्या जरा कमीच फोडा, आपलाच शो होतो मग. आणि हो, आपल्या पेंच-ताडोब्यातली अस्वली पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. तुमच्या पुस्तकात तसं चित्र आहे का बघा, नसेल तर तिच्याकडूनच काढून घ्या.