पाणबुडीच्या सिम्युलेशन गेममध्ये लहान बोट घ्यावी की मोठी?

सेव्हन-सी, म्हणजे लहान बोट, सोडू नका. उत्तर एवढंच आहे, घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की सायलेंट हंटर ३ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांच्या गेममध्ये तुमचं करिअर रंगात आलंय, रिनाउन (नावलौकिकाचे गुण, जे बोट आणि माणसं मिळवायला खर्चता येतात) भरपूर साठलंय आणि आता टाइप सेव्हन-सी सोडून मोठी टाइप नाइन-सी घ्यायचं मनात आहे, कारण "चौदाऐवजी बावीस टॉर्पेडो मिळतात". हे शेवटचं वाक्य वाचलं आणि वाटलं, माझा मावसभाऊच दुसऱ्या नावाने प्रश्न विचारतोय. तो नसाल तर आधीच माफी मागते, कारण पुढचं बरंचसं त्याला उद्देशून आहे.

आधी त्या बावीसचा हिशोब करू. नाइन-सीचे बावीसपैकी दहा टॉर्पेडो बोटीच्या आत नसतात. ते वरच्या डेकखालच्या नळकांड्यांत असतात. ते आत घ्यायचे तर बोट पाण्यावर आणायची, समुद्र शांत हवा, आणि ते काम चालू असताना वरून विमान यायला नको. अटलांटिकच्या उत्तरेला हिवाळ्यात शांत समुद्र मिळाला तर मला कळवा. थोडक्यात, कॉन्व्हॉयशी, म्हणजे राखणीत निघालेल्या जहाजांच्या तांड्याशी, गाठ पडते त्या रात्री तुमच्या हाताशी बारा टॉर्पेडो असतात. सेव्हन-सीचेही दोन बाहेर असतात, म्हणजे आत बारा. त्या रात्रीपुरत्या दोन्ही बोटी सारख्याच.

दादाला हे कधीच पटलं नाही. दादा म्हणजे हाच मावसभाऊ. आमच्यात एकच कॉम्प्युटर होता, एकच गेम, आणि दोघांची दोन करिअर. त्याचं नाइन-सीवर, पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनच्या आसपास, जिथे जहाजं एकेकटी आणि दिवे लावल्यासारखी फिरतात. माझं सेव्हन-सीवर, फ्रान्सच्या सेंट नाझेरहून निघून आयर्लंडच्या पश्चिमेला. तो वहीत टनेज, म्हणजे बुडवलेल्या जहाजांचे टन, लिहून ठेवायचा आणि मला वाचून दाखवायचा. मी एस्कॉर्टच्या (तांड्याची राखण करणाऱ्या युद्धनौकेच्या) तावडीतून कशी सुटले हे सांगायला लागले की म्हणायचा, "ते राहू दे, टनेज सांग." हे ज्याने ऐकून घेतलंय त्यालाच कळेल किती डोक्यात जातं.

शेवटी मीच म्हटलं, एकाच कॉन्व्हॉयवर दोघं जाऊ. गेमबरोबर मिशन एडिटर येतो, त्यात मी मिशन बांधलं. १९४२ चा ऑक्टोबर, रात्र, वारा जोरात, आयर्लंडच्या पश्चिमेला पूर्वेकडे निघालेला कॉन्व्हॉय, पाच एस्कॉर्ट. फरक फक्त बोटीचा. पहिली पाळी माझी होती, आणि दादा मागे उभा राहून उंटावरून शेळ्या हाकत होता.

मी कॉन्व्हॉयच्या वाटेवर आधीच जाऊन पेरिस्कोप डेप्थला थांबले. मोटर बंद, सायलेंट रनिंग, म्हणजे जराही आवाज न करता. पुढचा एस्कॉर्ट शेजारून गेला तेव्हा दादा म्हणाला, "मार त्यालाच." मारला नाही. दोन रांगांच्या मधे शिरले, टॅंकरवर दोन सोडले, त्यामागच्या मोठ्या मालवाहू जहाजावर दोन. दोन्ही लागले. टॅंकर पेटला आणि सगळा समुद्र उजळला, त्या उजेडात पेरिस्कोप वर ठेवणं म्हणजे हात वर करून "मी इथे आहे" सांगण्यासारखं होतं. खाली गेले, दीडशे मीटरच्याही खाली.

मग तो टिंग-टिंग आवाज. आणि मागून सूचना: "फ्लँक (पूर्ण वेग) मार, पळ!" तो आवाज ॲस्डिकचा, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणाऱ्या एस्कॉर्टच्या यंत्राचा, आणि त्याला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर सरळ रेषेत जिवाच्या आकांताने पळणारी बोट.

इथे मुद्दा येतो, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तरही इथेच आहे. त्या काळच्या ॲस्डिकचा झोत पुढच्या दिशेने जातो. एस्कॉर्ट जवळजवळ तुमच्या डोक्यावर आला की शेवटच्या टप्प्यात तुम्ही त्याच्या झोताखाली जाता, तो आंधळा होतो. आणि डेप्थ चार्ज, म्हणजे ठरलेल्या खोलीवर फुटणारं स्फोटकांचं पिंप, तो टाकतो मागच्या बाजूने, म्हणजे तुम्हाला ओलांडून गेल्यावर. ते पिंप सेकंदाला साधारण तीन मीटर या वेगाने बुडतं. दीडशे मीटरवर पोचायला पन्नास सेकंद. या पन्नास सेकंदांत सात नॉटने तुम्ही पावणेदोनशे मीटर सरकू शकता, पण उपयोग तेव्हाच, जेव्हा सरकणं वळून होतं. त्याचा अंदाज तुमच्या जुन्या दिशेवर बांधलेला असतो. सेव्हन-सीला दोन सुकाणू आहेत आणि लांबी ६७ मीटर. ती वळते. नाइन-सी जवळपास ७७ मीटर, वजनाने दीडपट, आणि तिला वळवणं म्हणजे अरुंद बोळात बस वळवणं.

मी टिंग-टिंग थांबायची वाट पाहत होते. थांबलं तशी सुकाणू पूर्ण डावीकडे, फ्लँक, आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा मंद. चार्ज उजवीकडे फुटले. मग कॉन्व्हॉयच्या बाहेर न पळता त्याच्याच मागच्या घुसळलेल्या पाण्याकडे वळले. हे दोन-तीनदा झालं. बॅटरी निम्म्यावर आली, मागच्या टॉर्पेडो रूममध्ये थोडं पाणी शिरलं, आणि पहाटे मी वर आले तेव्हा क्षितिजावर कुणी नव्हतं. दोन जहाजं. एवढीच.

दादाने खुर्ची घेतली. त्याचं नेमबाजीतलं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मान्यच. अँगल ऑन बो (लक्ष्याच्या नाकाच्या दिशेपासून आपण किती अंशांवर आहोत तो कोन) तो नजरेने सांगायचा. नाइन-सीच्या पुढच्या नळ्याही चारच, हे लोक विसरतात. सहा नळ्या म्हणजे सहा टॉर्पेडो एकदम नव्हेत. दोन मागे आहेत आणि त्या वापरायच्या तर शेपूट लक्ष्याकडे करावी लागते. त्याने पुढच्या चारमध्ये दोन जहाजं मारली, अगदी माझ्यासारखीच. मग त्याला तिसरं दिसलं. शेपूट फिरवायला घेतली, कॉन्व्हॉयच्या मधोमध, टॅंकर जळत असताना. फिरता फिरता दोन एस्कॉर्ट वळलेले हायड्रोफोनवर (पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्रावर) ऐकू येत होते, तरी फिरत राहिला. मारलं तिसरंही. आणि मग खाली जाताना पहिलाच हल्ला त्याच्या मधल्या भागावर बसला. डिझेल रूममध्ये पाणी, पंप बंद, खोलीचा काटा लाल भागात जाऊन थांबायला तयार नाही. त्याने सगळ्या टाक्या फुंकल्या तरी बोट उठली नाही.

स्क्रीन काळी झाली तेव्हा तो वळून काय म्हणाला माहितेय? "तीन. तुझी दोन."

आजही कुठे भेटला की हेच. मी म्हणते, मेलेला कप्तान अहवाल देत नाही. तो म्हणतो, बुडालेलं जहाज बुडालेलंच असतं. हा वाद गेम सोडवत नाही, पण इतिहास थोडाफार सोडवतो. जर्मन यू-बोटींवर (पाणबुड्यांवर) गेलेल्या दर चार माणसांपैकी जवळपास तीन परतले नाहीत. तिथे "तीन-दोन" म्हणणारा एकदाच म्हणू शकत होता.

दादाचं हुकमी पान म्हणजे जर्मन कप्तान हेसलर. यू-१०७, नाइन-बी, १९४१ मध्ये फ्रीटाउनजवळ एकाच फेरीत १४ जहाजं, ८६ हजार टनांच्या वर. संपूर्ण युद्धातली सगळ्यात यशस्वी फेरी. खरं आहे. पण ती झाली कुठे? जिथे कॉन्व्हॉयची शिस्त अजून बसायची होती अशा गरम पाण्यात, आणि वाटेत पुरवठा जहाजांकडून सामान घेऊन. माझं पान यू-४८. सेव्हन-बी, दुसऱ्या महायुद्धातली सगळ्यात जास्त टनेज बुडवणारी पाणबुडी, तीन लाख टनांच्या वर, आणि शत्रूच्या हातून कधी बुडाली नाही. मे १९४५ मध्ये जर्मनांनी स्वतःच बुडवली. पाहा, टनेजही माझ्याच बाजूला आहे, दादा.

तसा हा वाद आमच्या घरातला नाहीच. १९३५ च्या ब्रिटन-जर्मनी करारात पाणबुड्यांच्या एकूण टनांवर मर्यादा आली. जर्मन पाणबुडीदलाचा प्रमुख डोनिट्झ, त्याचं म्हणणं होतं की तेवढ्याच टनांत मध्यम आकाराच्या जास्त बोटी बांधा. बर्लिनमधल्या नौदल मुख्यालयातल्या लोकांना दूरवर जाणाऱ्या मोठ्या हव्या होत्या. शेवटी सेव्हन जातीच्या सातशेवर बोटी झाल्या, त्यातल्या साडेपाचशेवर नुसत्या सेव्हन-सी. युद्ध तरीही हरले, ती गोष्ट वेगळी.

अजून एक, जे दुकानात बोट निवडताना कुणी वाचत नाही: पाण्याखालचा पल्ला. चार नॉटने सेव्हन-सी बॅटरीवर ८० सागरी मैल जाते. नाइन-सी ६३. मोठी बोट म्हणजे मोठी बॅटरी, असं डोळे मिटून धरू नका. एस्कॉर्ट रात्रभर डोक्यावर बसला तर हे सतरा मैल सोन्याचे वाटतात. बुडी मारायलाही नाइन काही सेकंद जास्त घेते, आणि विमान दिसल्यावरचे काही सेकंद म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच.

त्याहून लहान बोटीला लोक हसतात, त्यांच्यासाठी: टाइप टूमध्ये पाचच टॉर्पेडो असतात, तीन नळ्या, सगळ्या पुढे. जर्मन कप्तान क्रेत्श्मरने यू-२३ या असल्याच टू-बीमधून जानेवारी १९४० मध्ये ऑर्कनीच्या उपसागरात नांगरलेला दहा हजार टनांचा 'डॅनमार्क' टॅंकर उडवला आणि पुढच्याच महिन्यात 'डेअरिंग' ही डिस्ट्रॉयर. नंतर यू-२३ सकट अशा सहा बोटी उघडून, नदीतून आणि रस्त्यावरून नेऊन, डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात उतरवल्या. नाइन-सीचं हे करून दाखवा. पाच टॉर्पेडोंत करिअर सुरू करणारा माणूस नेम धरायला शिकतो, बावीसवाला शिंपडायला शिकतो.

आता तुम्हाला दादाचा सल्ला कधी ऐकायचा तेही सांगते, नाहीतर तो खाली कॉमेंट टाकेल. तुमचं करिअर १९४१ च्या शेवटी असेल आणि तुम्हाला जानेवारी १९४२ ला अमेरिकेच्या किनाऱ्यावर जायचं असेल, तर बिनधास्त नाइन घ्या. त्या मोहिमेची, पाउकेनश्लागची, पहिली लाट नाइन जातीच्या पाच बोटींचीच होती. किनाऱ्यावर दिवे चालू, कॉन्व्हॉय नाहीत, एस्कॉर्ट नावाला. फ्रान्सहून तिथे एका बाजूचा प्रवास तीन हजार सागरी मैलांच्या आसपास. सेव्हन-सीचा पल्ला दहा नॉटने साडेआठ हजार, नाइन-सीचा साडेतेरा हजाराच्या जवळ. सेव्हन-सी घेऊन गेलात तर तिथे पोचून शिकारीला उरतात अडीच हजार, आणि पाठलागात डिझेल पूर्ण वेगाने चालवलं की तेही झपाट्याने आटतं. खऱ्या सेव्हन-सीवाल्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत तेल भरून तेवढं अंतर मारलं होतं, गेममध्ये ती सोय नाही. दक्षिण अटलांटिक, हिंदी महासागर, तिथेही नाइनच.

१९४३ च्या मे महिन्यानंतर मात्र कुठली बोट हा प्रश्नच गौण होतो. त्या एका महिन्यात ४१ बोटी गेल्या. आखूड लहरींचं रडार, विमानं, आणि हेजहॉग, म्हणजे पुढच्या दिशेने फेकला जाणारा बॉम्बांचा मारा. मी वर सांगितलेली ती 'आंधळ्या टप्प्याची' युक्ती हेजहॉगसमोर चालत नाही, कारण तो तुम्ही झोतात असतानाच फेकतात. टाइप ट्वेंटी-वन ही युद्धाच्या शेवटची नवी पाणबुडी मिळेपर्यंत तग धरायचा असेल तर लहान बोट आणि भित्रेपणा, दोन्ही लागतील.

आणि ग्रे वुल्व्ज मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) टाकलं असेल तर वरचं सगळं आणखी कडक धरा. त्यातले एस्कॉर्ट मूळ गेमसारखे कंटाळून निघून जात नाहीत.

तुम्ही कोणत्या वर्षात आहात आणि कुठल्या फ्लोटिलात (पाणबुड्यांच्या तुकडीत), हे प्रश्नात लिहिलंच नाहीये, आणि अर्धं उत्तर त्यावर आहे. ते कळवा. तोवर रिनाउन बोटीवर न उडवता चांगल्या वॉच ऑफिसरवर आणि इंजिन रूममधल्या माणसांवर खर्च करा.