पुण्याच्या कोर्टाचा हुकूमनामा (वसुलीचा अंतिम आदेश) आहे, पण ऋणकोचा माल आणि येणं सुरतला आहे. जप्ती कशी आणायची?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ऋणकोचा कापडाचा माल सुरतच्या गोदामवाल्याकडे पडून आहे आणि तिथलीच एक कंपनी त्याचं बिल देणं लागते. दोन्ही अडवता येतं, पण पुण्याच्या कोर्टाची नोटीस थेट सुरतला धाडून नाही. मी वकिलीत दरखास्तीचीच, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची, कामं जास्त करतो, म्हणून कळकळीनं सांगतो, ही घाई करू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९(४) प्रमाणे हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर कोर्टाला अंमलबजावणी करता येत नाही. वर ऋणकोला सुगावा लागतो आणि माल हलतो.

हुकूमनामा सुरतच्या कोर्टाकडे वर्ग व्हायला वेळ जातो. म्हणून आधी कलम ४६ खाली पुण्याच्या कोर्टाकडे प्रिसेप्टचा, म्हणजे दुसऱ्या कोर्टाला जप्तीसाठी कळवण्याचा, अर्ज द्या. मग पुण्याचं कोर्ट सुरतच्या कोर्टाला ती मालमत्ता जप्त करायला कळवतं. अर्जात गोदामाचा पत्ता, पावती, बिलाचा क्रमांक, सगळं नेमकं लिहा. ही जप्ती फक्त २ महिने टिकते. तेवढ्यात हुकूमनामा वर्ग करून सुरतला विक्रीचा अर्ज पडला पाहिजे, नाहीतर पुण्याहून मुदत वाढवून आणायची. पक्षकार नेमके इथेच गाफील राहतात आणि हाती आलेली जप्ती सुटते.

मालासाठी त्याच संहितेच्या आदेश २१, नियम ४६ चा मनाई हुकूम गोदामवाल्यावर निघतो, म्हणजे माल ऋणकोला द्यायचा नाही. बिलासाठी नियम ४६-ए ची गार्निशी नोटीस, म्हणजे ऋणकोचं देणं लागणाऱ्या तिसऱ्या माणसाला, इथे त्या कंपनीला, कोर्टाची नोटीस. कंपनीनं पैसे कोर्टात भरायचे, नाहीतर का भरत नाही ते सांगायचं. देणंच नाकारलं तर त्यावर रीतसर पुरावा चालतो. कोर्टात भरलेल्या रकमेपुरती कंपनी ऋणकोच्या देण्यातून मोकळी होते, हे त्यांच्या वकिलाला आवर्जून सांगा. पैसे दोनदा द्यावे लागतील ही त्यांची भीती त्यानं जाते.

बजावणी कारखान्याच्या फाटकावर उरकू नका, कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावर करा. तो पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. तो मुंबईचा किंवा अहमदाबादचा निघाला, तर बिलापुरतं कोर्टही बदलू शकतं, म्हणून प्रिसेप्ट मागण्याआधीच बघून घ्या.

वर्ग करताना हुकूमनाम्याची प्रत आणि वसुली बाकी असल्याचा दाखला जातो. हुकूमनामा मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. आणि त्याला २ वर्षं उलटली असतील तर दरखास्तीत आधी ऋणकोलाच नोटीस निघते, तेव्हा तारीख आजच तपासा.