विषय सुचवताना: तंत्रज्ञान चॅनेलच्या प्रेक्षकांचे प्रश्न

ठाण्यातून मराठीत तंत्रज्ञानाविषयी व्हिडिओ करणाऱ्या आमच्या चॅनेलला प्रेक्षक जे विषय सुचवतात, त्यांच्याबद्दलचे प्रश्न या अंकासाठी मागवले होते. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे छापलेली नाहीत.

‘फाइव्ह-जीवर व्हिडिओ करा’, ‘एआयवर व्हिडिओ करा’ अशा सूचना मी वर्षभर पाठवतो आहे. पण त्यांपैकी एकाही सूचनेचा विचार झालेला दिसत नाही. सूचना निवडताना आपण नेमके काय पाहता?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ऐरोली

आपल्या सूचना आम्ही वाचल्या आहेत आणि बाजूलाही ठेवल्या आहेत, हे प्रथम स्पष्ट सांगतो. ‘फाइव्ह-जी’ हे विषयाचे नाव झाले. अडचण कोणाची, कोठली आणि केव्हाची, याचा त्यात पत्ता लागत नाही. भारतात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, तेव्हापासून तिची तोंडओळख करून देणारे व्हिडिओ ढिगाने निघाले आहेत, आणि आम्ही त्यांत आणखी एकाची भर घातली नाही म्हणून कोणाचे काही अडणार नाही.

याच विषयावर घोडबंदर रस्त्यावरील एका बाईंचे पत्र आले होते. त्या बाविसाव्या मजल्यावर राहतात. फोनवर रेंज पूर्ण दिसते, परंतु शयनगृहाच्या खिडकीपाशी उभे राहून बोलले की आवाज तुटतो, आणि तोच फोन खाली पार्किंगमध्ये नेला की बोलणे स्वच्छ ऐकू येते. ‘उंचावर गेल्यावर रेंज सुधारायला हवी, मग येथे उलटे का?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. या एका वाक्यावर आम्ही व्हिडिओ हाती घेतला.

मोबाइल टॉवरवरील अँटेना बहुधा किंचित खाली झुकवलेले असतात, कारण त्यांनी रस्त्यावरील आणि खालच्या मजल्यांवरील लोकांना सेवा द्यावी अशी आखणी असते. बाविसाव्या मजल्यावर त्या झोताचा मुख्य भाग पोचतच नाही. उलट मध्ये इमारतींचा आडोसा नसल्याने दूरदूरच्या अनेक टॉवरांचे सिग्नल जवळपास सारख्याच जोराने तेथे येऊन धडकतात. गणेशोत्सवात शेजारच्या चार मंडळांचे लाउडस्पीकर एकदम सुरू झाले की आवाज भरपूर असतो, पण गाणे एकही कळत नाही, तशी फोनची अवस्था होते. तो सतत या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो आणि त्या उड्यांमध्ये बोलणे तुटते. पडद्यावरील रेंजची चिन्हे सिग्नलचा जोर दाखवतात. तो किती निर्मळ आहे, हे त्यांवरून कळत नाही. जोर मोजण्याचे एकक डीबीएम असून आकडा उणे असतो. उणे ८०च्या आसपास तो चांगला समजावा, उणे ११०च्या पलीकडे क्षीण. बाईंच्या घरी आकडा चांगला असूनही बोलणे बिघडते, म्हणून एकच फोन आणि एकच सिम घेऊन तळमजला, मधला मजला आणि बाविसावा मजला अशी मोजणी करावी, आणि जोराबरोबर सिग्नल व गोंगाट यांचे गुणोत्तरही टिपावे, असा आराखडा ठरला.

आपण ऐरोलीत राहता आणि अभियांत्रिकी शिकता. आपल्या हाती याहून चांगले प्रश्न असणार. ठाणे–वाशी लोकलमध्ये कोठल्या दोन स्थानकांच्या मध्ये इंटरनेट हमखास बंद पडते, हे रोज प्रवास करणाऱ्याला ठाऊक असते आणि आम्हाला नसते. फोनचे मॉडेल, सिम कोणत्या कंपनीचे, वेळ कोणती आणि आपण स्वतः काय करून पाहिले, एवढे चार ओळींत लिहावे.

लोकलमध्ये मोबाइल चोरीला गेला तर पहिल्या तासाभरात काय करावे, यावर व्हिडिओ करावा. माझा फोन गेला तेव्हा मी ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर उभी होते आणि मला घरच्यांपैकी कोणाचाही क्रमांक पाठ नव्हता.
— नोकरदार महिला, सानपाडा

ताई, आपल्या पत्रातील दुसरे वाक्य आमच्या कामाचे आहे. या विषयावर सर्वत्र जी माहिती मिळते ती फोन हाती असल्यासारखी लिहिलेली असते: अमुक संकेतस्थळ उघडा, तमुक ओटीपी टाका. ज्याचा फोन गेला त्याने ते कशावर उघडायचे, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा व्हिडिओ आम्ही फोनशिवाय उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने करणार आहोत.

क्रम साधारण असा राहील. कोणाचा तरी फोन मागून प्रथम आपल्या सिम कंपनीला कळवून सिम बंद करावे, कारण चोराला फोनपेक्षा त्यावर येणाऱ्या ओटीपीचा उपयोग अधिक असतो. त्यानंतर बँकेला कळवून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग थांबवावे. पैसे गेलेलेच असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्वरित तक्रार करावी. मग रेल्वे पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, कारण दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर हँडसेट बंद करण्याची विनंती करताना ती जोडावी लागते. हे संकेतस्थळ मे २०२३ मध्ये सुरू झाले. विनंती मान्य झाली की तो हँडसेट देशातील कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही, आणि फोन परत मिळाल्यास तेथूनच तो पुन्हा सुरू करून घेता येतो.

येथे एक खाचखळगा आहे. नवे सिम घेतल्यावर पहिले चोवीस तास त्यावर एसएमएसची सेवा बंद ठेवली जाते. ही व्यवस्था सिम बदलून होणाऱ्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ‘नवे सिम घेतले तरी ओटीपी का येत नाही’ म्हणून माणूस हवालदिल होतो. त्यामुळे हँडसेट बंद करण्याच्या अर्जात ओटीपीसाठी घरातील दुसऱ्या कोणाचा क्रमांक द्यावा. अर्जाला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो. तो खरेदीच्या पावतीवर आणि खोक्यावर छापलेला असतो. फोन हाती आहे तोवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबूनही पाहता येतो. तो आजच कागदावर उतरवून ठेवावा आणि त्याच कागदावर घरचे दोन क्रमांकही लिहावेत. हा कागद पाकिटात ठेवावा, फोनच्या कव्हरमध्ये ठेवू नये.

मी एका चॅनेलला विषय सुचवला. काही आठवड्यांनी त्यांनी त्यावर व्हिडिओ केला, पण माझा उल्लेखही केला नाही. मला कायद्याने काही हक्क मिळतो का?
— एक वाचक, वाशी

नुसत्या कल्पनेवर हक्क मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले आहे की कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कोणाचा स्वामित्वहक्क असत नाही. ती कल्पना ज्या रूपात मांडली गेली त्या मांडणीला संरक्षण असते. त्यामुळे ‘इन्व्हर्टर एसीच्या विजेच्या बिलावर व्हिडिओ करा’ या ओळीवर आपला दावा टिकणार नाही. मात्र आपण संपूर्ण संहिता लिहून पाठवली असेल आणि तिच्यातील वाक्ये, क्रम आणि उदाहरणे जशीच्या तशी उचलली गेली असतील, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याखाली ती साहित्यकृती ठरू शकते आणि मग वकिलाचा सल्ला घेण्यात अर्थ आहे.

दुसरी बाजूही सांगावी लागेल. जून उजाडला की भिजलेल्या मोबाइलविषयीच्या सूचनांचा आमच्याकडे पूर लोटतो. तांदळाच्या डब्यात फोन ठेवावा का, हा त्यांतील ठरलेला प्रश्न. (ठेवू नये, तांदळाचे बारीक कण आत जाऊन फोन बिघडू शकतो, असे ॲपलनेही जानेवारी २०२४ मध्ये सांगितले आहे.) अशा वेळी पहिला मान कोणाचा, हे ठरवणे कठीण असते. परंतु सूचनेत एखादा असा तपशील असेल की त्याच्याशिवाय व्हिडिओ झालाच नसता, तर सुचवणाऱ्याचे नाव घेणे हा साधा शिष्टाचार आहे आणि तो न पाळणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. आम्ही नाव घेण्यापूर्वी विचारतो, कारण अनेकांना आडनाव जाहीर झालेले आवडत नाही.

आमच्या वसाहतीत मोबाइलला रेंज मिळत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे सिग्नल बूस्टर कसे बसवावेत, याचा व्हिडिओ करावा, अशी आम्हा रहिवाशांची विनंती आहे.
— सोसायटीचे सचिव, कोपरखैरणे

हा व्हिडिओ आम्ही करणार नाही. मोबाइल सिग्नलचे बूस्टर किंवा रिपीटर परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज इतरांनी बाळगणे, विकणे आणि वापरणे बेकायदेशीर आहे, असे दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये पुन्हा बजावले होते. वस्तू दुकानात मिळते म्हणून ती वापरण्यास मुभा आहे, असे होत नाही. या नियमामागे तांत्रिक कारणही आहे. असा बूस्टर आपल्या फोनचा सिग्नल वाढवून टॉवरकडे पाठवतो तेव्हा सोबतचा गोंगाटही वाढवतो, आणि त्यामुळे त्याच टॉवरवर अवलंबून असलेल्या इतरांचे क्षीण सिग्नल टॉवरला नीट ओळखता येत नाहीत. आपल्या इमारतीची सोय झाली तरी शेजारच्या इमारतीचे संभाषण बिघडण्याचा संभव असतो.

आपली अडचण मात्र खरी आहे, म्हणून सूचनेचे रूप बदलून आम्ही ती स्वीकारत आहोत. घरात वाय-फाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करावे. बहुतेक नव्या फोनमध्ये ही सोय असते आणि ज्येष्ठ नागरिकांच्या फोनमध्ये ती बंदच राहिलेली आढळते. वसाहतीभोवती कोणत्या कंपनीचे टॉवर कोठे आहेत, हे सरकारच्या तरंग संचार या संकेतस्थळावर नकाशावर पाहता येते. सोसायटीच्या लेटरहेडवर, सदनिकांचे क्रमांक देऊन, कंपनीच्या तक्रार केंद्राकडे लेखी तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. उत्तर समाधानकारक नसल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. आपण या मार्गाने गेलात तर प्रत्येक टप्प्यावर काय झाले ते आम्हाला कळवावे. त्याचा व्हिडिओ नक्की होईल.

आपण महाग फोनच दाखवता. आम्ही सुचवलेल्या स्वस्त फोनचा विचार होत नाही, कारण कंपन्या आपल्याला पैसे देतात, असे आमच्या घरी म्हटले जाते. यात तथ्य किती?
— एक कुटुंब, खारघर

थोडे तथ्य आहे. जो फोन कंपनी तपासणीसाठी पाठवते, तो विकत घ्यावा लागत नाही, आणि कंपन्या महाग मॉडेल अधिक उत्साहाने पाठवतात. त्यामुळे कोणत्याही चॅनेलचा तोल तिकडे झुकतो. पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या प्रसिद्धीचा ठळक उल्लेख करावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये काढली. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियम केले. त्यांखाली जाहिरात करणाऱ्यालाही पहिल्या वेळी १० लाख आणि पुढे ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हिडिओच्या सुरुवातीला असा उल्लेख दिसतो का, हे आपण अवश्य पाहावे, आमच्याही.

स्वस्त फोनचा पहिल्या आठवड्यातील व्हिडिओ मला स्वतःला निरुपयोगी वाटतो, कारण नवा असताना कोणताही फोन बरा चालतो. दोन वर्षे वापरलेला फोन घरात असेल तर बॅटरी किती तास टिकते, शेवटची सुरक्षा अद्ययावती कोणत्या महिन्यात आली आणि चार्जिंगचे तोंड सैल झाले आहे का, एवढे कळवावे. तो व्हिडिओ कोणतीही कंपनी आमच्याकडून करून घेणार नाही.

ऐरोली–महापे पट्ट्यातील डेटा सेंटर आतून दाखवाल का?
— निवृत्त अभियंता, बेलापूर

डेटा सेंटर म्हणजे अनेक कंपन्यांचे सर्व्हर एकत्र ठेवलेली इमारत. तिच्या आतील भागात कॅमेरा नेऊ देणे कोणाही चालकाला परवडणारे नाही, आणि ग्राहकांच्या दृष्टीने ते रास्तच आहे. मात्र बाहेरून पुष्कळ दाखवता येईल: छतावरील शीतकरण यंत्रे, ओळीने मांडलेले डिझेल जनित्र, आणि समुद्राखालील केबली जेथे किनाऱ्याला लागतात त्या मुंबईच्या सान्निध्यामुळे हा व्यवसाय ठाणे–बेलापूर रस्त्यालगत कसा एकवटला, ही हकिकत. आपण विद्युत विभागात होतात, असे पत्रावरून दिसते. एका इमारतीला दोन स्वतंत्र मार्गांनी वीज कशी पुरवतात, हे आपण कॅमेऱ्यासमोर समजावून द्याल का?

जांभळी नाक्यावर भाजीवाल्या मावशींचा मोबाइल बंद असतो, तरी त्यांच्या साउंडबॉक्सला पैसे आल्याचे कसे कळते? यावर व्हिडिओ करा.
— इयत्ता नववी, कळवा

या महिन्यातील सर्वांत नेमकी सूचना तुझी आहे. त्या डबीत स्वतःचे सिमकार्ड असते. मावशींच्या मोबाइलशी तिचा संबंध नसतो. पैसे जमा झाले की पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून मोबाइल नेटवर्कवरून थेट डबीला संदेश जातो आणि ती रक्कम मराठीत बोलून दाखवते. म्हणूनच कोणी पैसे न देता खोटा स्क्रीनशॉट पुढे केला तर डबी गप्प राहते. चित्रीकरण आम्ही दुपारी करू, कारण संध्याकाळच्या गर्दीत तिचा आवाज माइकमध्ये येणार नाही. तुझे नाव व्हिडिओत घ्यायचे असेल तर आईचे किंवा बाबांचे संमतीपत्र तेवढे पाठव.