जॅमरने ड्रोन निकामी होतात, मग स्वायत्त ड्रोनला भविष्य आहे का?

आहे, आणि ते जॅमरमुळेच. जॅमर ड्रोन पाडत नाही. ऑपरेटरशी असलेला रेडिओ संपर्क आणि जीपीएस तोडतो. स्वायत्त, म्हणजे स्वतःच वाट काढणाऱ्या ड्रोनला तो संपर्क लागत नाही. पडद्यावर मुंग्या येतात त्या नेमक्या लक्ष्याजवळ, कारण ड्रोन खाली उतरला की जमिनीच्या आडोशाने सिग्नल आधीच क्षीण झालेला असतो.

युक्रेन युद्धात यावर दोन उपाय रुळले. पहिला, ऑप्टिकल फायबर, म्हणजे ड्रोनमागे उलगडत जाणारी बारीक काचेची तार, रेडिओऐवजी तिच्यातूनच नियंत्रण. जॅमिंगचा प्रश्नच मिटतो, पण १० किलोमीटरचं रीळ किलोभर वजन खातं, तेवढी स्फोटकं कमी होतात, आणि तार झाडात अडकून तुटली की खेळ खलास.

दुसरा, ऑपरेटरने पडद्यावर दिसणाऱ्या लक्ष्यावर चौकट लावायची. शेवटचे काहीशे मीटर ड्रोनवरचा छोटा संगणक कॅमेऱ्याच्या आधारे पार करतो. धूर, दाट सावली किंवा शेजारून गेलेली तशीच गाडी, एवढ्यानेही चौकट घसरते. त्यामुळे लक्ष्याची निवड इतक्यात यंत्राकडे जाऊ नये, असं माझं मत.

आपल्या नागपुरात बनणाऱ्या नागास्त्र-१ या लक्ष्यावर आदळून फुटणाऱ्या ड्रोनमध्येही (वजन ९ किलो, स्फोटक १ किलो) माणसाच्या नियंत्रणात पल्ला १५ किलोमीटर, स्वयंचलित मोडमध्ये ३०. लक्ष्य सापडलं नाही तर पॅराशूटने परत उतरवता येतं.