'प्रिमायसेस' म्हणजे जमीन नव्हे

प्रश्न असा: नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानाच्या लीजमध्ये 'डिमाइज्ड प्रिमायसेस' (पट्ट्याने दिलेली जागा) असं लिहिलंय, त्यात खालची जमीन धरायची का?

आधी 'या प्रिमाइसमध्ये गाडी लावू नये' अशा पाट्या रंगवणाऱ्यांसाठी. एकवचनी 'प्रिमाइस' म्हणजे तर्कातलं गृहीतक. तिथे सायकलसुद्धा उभी राहत नाही. जागेसाठीचा शब्द अनेकवचनीच, मग खोली एक का असेना.

कारण मोठं झकास आहे. लॅटिन 'प्राए' म्हणजे आधी, 'मिटेरे' म्हणजे पाठवणे. 'प्राएमिसा' म्हणजे आधी मांडलेलं. विलायती दस्तात घर, अंगण, विहीर, तबेला एकदा सविस्तर लिहायचं आणि पुढे 'दि प्रिमायसेस' म्हणून मोकळं व्हायचं. लोक त्यालाच घरदार समजू लागले. आपल्या खरेदीखतातलं 'सदर मिळकत' नेमकं हेच काम करतं! अरबी 'सद्र' म्हणजे छाती, पुढचा किंवा वरचा भाग. (आपल्या सदर बाजारातला 'सदर' त्याच घरचा, तिथे अर्थ 'मुख्य'.) एवढा आयता शब्द हाताशी असताना कायद्याच्या तर्जुमेकारांनी 'परिवास्तू' कशाला घडवला, ते त्यांनाच ठाऊक. 'आवार' देणारे कोशकारही अर्ध्यावरच थांबतात. आवार नसलेला तिसऱ्या मजल्यावरचा गाळासुद्धा प्रिमायसेसच.

'डिमाइज्ड' वाचून घाबरू नका, कुणी मेलेलं नाही. हाही 'मिटेरे'च्याच कुळातला: हक्क दुसऱ्याकडे सोपवणे, पट्ट्याने देणे. राजा गेला की गादी वारसाकडे जाते, त्या हस्तांतरालाही डिमाइझ म्हणत. मृत्यूचा अर्थ तिथून चिकटला. भाडेपट्टा आधी, मरण मागाहून.

हां, जमीन. शब्दावर जाऊ नका, दस्ताचं परिशिष्ट उघडा. मौजा, खसरा (जमिनीचा सर्व्हे क्रमांक) किंवा नझूल (शहरातली सरकारी जमीन) शीट नंबर, चतुःसीमा आणि भूखंडाचं क्षेत्रफळ पट्ट्याने दिल्याचं लिहिलं असेल तर जमीन आली. नुसता गाळा क्रमांक आणि कार्पेट एरिया असेल तर मागची मोकळी जागा नि गच्ची आपली समजू नका. भांडणं तिथेच होतात. खसरा केवळ पत्ता म्हणूनही लिहितात, तेव्हा 'पट्ट्याने दिले' हे कशाला जोडलंय ते बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 7(9) मध्ये प्रिमायसेस म्हणजे भाड्याने दिलेली इमारत वा तिचा भाग, सोबत तिला लागून असलेली बाग, मैदान, गॅरेज, आउटहाउस. निव्वळ मोकळा प्लॉट त्यात बसत नाही, हॉटेलातली खोलीही नाही.