पेशीला डावं-उजवं कळत नाही

प्रिय,

तुझी मेल दोनदा वाचली आणि सोबतचं चित्र चारदा पाहिलं. मेलमधला प्रश्न असा, की बंगळूरच्या मायक्रोस्कोपी कोर्सला जागा मिळाली आहे, पण तिथली सुपर-रिझोल्यूशनची (साध्या सूक्ष्मदर्शकाच्या मर्यादेपेक्षा बारीक दाखवणारी) मशिनं तुमच्या विभागात कधी येतील याचा भरवसा नाही. मग जाऊन करू काय, आणि गेलेच तर स्टेड (लेसरने फार बारीक तपशील टिपणारी पद्धत) शिकू की लाइट-शीट (नमुना प्रकाशाच्या पातळ पडद्याने उजळणारी पद्धत)? चित्रातला प्रश्न तू विचारलेलाच नाहीस, आणि खरा तोच आहे. लाल ठिपके हिरव्यांपासून साधारण ३०० नॅनोमीटर दूर दिसतात म्हणून तू तिथे पेशीतला 'वेगळा कप्पा' मांडलास. नीट बघ. झाडून सगळे लाल ठिपके हिरव्यांच्या उजवीकडे आहेत. पेशीला डावं-उजवं कळत नाही गं. फिल्टर क्यूब, म्हणजे सूक्ष्मदर्शकात रंग निवडणारा ठोकळा, जरा तिरका बसला असेल, तर मात्र अख्खं चित्र एकाच दिशेला सरकतं.

म्हणून स्टेड की लाइट-शीट याचं उत्तर देण्याआधी एकच सांगतो: आधी बीड्स, म्हणजे ठरावीक मापाचे चमकणारे सूक्ष्म मणी, मग पेशी.

१०० नॅनोमीटरचे, चार रंगांत चमकणारे बीड्स मिळतात, ते घे. बाटली पाच मिनिटं सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्रात) धर, नाहीतर गुठळ्या दिसतील आणि तू त्यांनाच बीड समजशील. मग साधारण हजारपट पातळ कर. १० मायक्रोलिटर थेंब कव्हरस्लिपवर, म्हणजे वरच्या पातळ काचेवर, वाळव. स्लाइडवर नाही, कव्हरस्लिपवर. लेन्सची सगळी आखणी काचेला चिकटलेल्या वस्तूसाठी असते. आणि बसवताना तेच माउंटिंग मीडियम (नमुना ज्यात बुडवून बसवतात तो द्रव) वापर, ज्यात तुझ्या पेशी बसवतेस. इथे लोक आळस करतात, आणि मग बीड्स सुंदर, पेशी धूसर.

आता प्रत्येक रंगात तोच बीड टिप. एकच वस्तू आहे, तेव्हा लाल आणि हिरवा एकाच जागी यायला हवेत. जेवढं अंतर दिसेल तेवढं मशीनचं. ते मोज आणि तुझ्या ३०० मधून वजा कर. काही उरलं तर आपण कप्प्याबद्दल बोलू.

मग उभा छेद घे: ०.२ मायक्रॉनच्या पायऱ्यांनी वर-खाली मिळून १० मायक्रॉन. १.४ एनएच्या (एनए म्हणजे लेन्सची प्रकाश गोळा करण्याची ताकद) तेलाच्या लेन्सखाली हिरव्या रंगात बीडची रुंदी २०० ते २५० नॅनोमीटर भरली तर समाधान मान. बाजूने पाहिल्यावर डमरूसारखा सारखा आकार दिसायला हवा. डमरूच्या एकाच टोकाला कडी दिसत असतील, तर गोलीय विपथन, म्हणजे लेन्सच्या कडेचे आणि मधले किरण एका जागी न मिळणं. त्याचं कारण शोधताना सगळे कव्हरस्लिपवर खापर फोडतात. कव्हरस्लिप १.५ नंबरचीच हवी, ०.१७ मिलिमीटरची, आणि ४० एक्स ०.९५ च्या कोरड्या लेन्सखाली थोडा फरकही भोवतो. पण तेलाच्या लेन्सला जाडीचं तेवढं वाकडं नसतं, कारण तेल आणि काच यांचा अपवर्तनांक जवळपास सारखाच, १.५२ च्या आसपास. तिथे घात करतं ते मीडियम. ते पाण्यासारखं असेल तर पाण्याचा अपवर्तनांक १.३३. काचेपासून १० मायक्रॉन खोल गेलीस की प्रतिमा ढासळू लागते. तुझे गोळे, म्हणजे चित्रातले ते ठिपके, किती खोल आहेत, हे मेलमध्ये कुठेच नाही.

बीड धूमकेतूसारखा शेपटी काढत असेल, तर स्लाइड तिरकी बसली आहे किंवा लेन्स बिघडली आहे. एकाचे दोन दिसत असतील, तर डीआयसीचा (पारदर्शक पेशींना उठाव देणाऱ्या पद्धतीचा) प्रिझम काढायला कोणीतरी विसरलं आहे. हे इतक्या वेळा होतं की मला आता आश्चर्यही वाटत नाही. आणि पावसाळ्यात, रात्री एसी बंद करणाऱ्या आपल्या मुंबई-कोकणाकडच्या प्रयोगशाळांत, सगळंच दुधाळ दिसू लागलं तर लेन्सवर बुरशी आली आहे का ते आधी बघ. लेन्स कोरड्या कपाटात ठेवण्याबद्दल मी किती वेळा बोलायचं?

तुला वाटेल, हे तर घरीही करता येईल, मग कोर्स कशाला? तर याचसाठी. तिथे मशीन तुझं नाही, सेवाकराराचं टेन्शन नाही, आणि शेजारी ते मशीन आतून उघडून पाहिलेली माणसं उभी असतात. अशा संधीत लोक आपल्या नमुन्याची देखणी चित्रं काढून आणतात. तू तसं करू नकोस. बीड्सची स्लाइड घेऊन जा आणि मुद्दाम बिघडव. मुद्दाम चुकीचं तेल लाव. पातळ कव्हरस्लिप लाव. करेक्शन कॉलर (कव्हरस्लिपच्या जाडीशी जुळवून घेणारी लेन्सवरची कडी) उलटी फिरव. प्रिझम आत ठेव. कॉन्फोकलवर (फोकसबाहेरचा प्रकाश अडवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) पिनहोल, म्हणजे प्रकाश येण्याचं छिद्र, एक एअरी युनिटवरून (छिद्राच्या मापाचं एकक) पाचवर ने. दर वेळी तोच बीड टिप आणि वहीत लिही. कुठल्या बिघाडाचा चेहरा कसा असतो, हे एकदा ओळखू आलं की परत आल्यावर जुन्या खोकडावरही तुझा हात बसेल. स्टेडचं बटण कुठे आहे ते पुढच्या वर्षी बदलेल.

या कोर्सचं कुळ वूड्स होलचं, म्हणजे अमेरिकेतल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेचं. सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ शिन्या इनोए यांनी तिथे १९८० मध्ये प्रकाश-सूक्ष्मदर्शकाचा कोर्स सुरू केला. १९८१ मध्ये त्यांनी आणि रॉबर्ट ॲलन यांच्या गटाने वेगवेगळे निबंध लिहून दाखवलं की व्हिडिओ कॅमेरा आणि कॉन्ट्रास्ट यांच्या जोरावर साध्या प्रकाशात फार बारीक वस्तूही दिसू शकतात. एकेकटी मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे पेशीतली बारीक नळीसुद्धा दिसते. तिची रुंदी २५ नॅनोमीटर, पण पडद्यावर ती २०० च्या वरच भरते. दिसणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं. बीडही तेच शिकवतो: १०० चा मणी तुला २२० चा दिसतो. तुझ्या गोळ्यांचा व्यास २३० आलाय ना? मग तो गोळ्यांचा नाही, लेन्सचा आहे.

मला लोक बीडवेडा म्हणतात, बुकिंगचा पहिला अर्धा तास वाया घालवतो म्हणतात. म्हणोत. हा अर्धा तास मी फार उशिरा द्यायला शिकलो, आणि माझ्या जुन्या आकृत्यांपैकी काही आज मी स्वतः छापू देणार नाही. तेव्हा हा हट्ट माझा आहे हे कबूल. पण चुकीचा आहे असं मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

बाकीचं थोडक्यात. कोहलर (नमुन्यावर प्रकाश सारखा पाडण्याची जुळणी) जमत नसेल तर जाण्याआधी जमव: १० एक्सवर फोकस, फील्ड डायफ्रॅम बंद, कंडेन्सर वर-खाली करून त्याच्या कडा धारदार, दोन स्क्रूंनी मध्यभागी, मग उघडून दृष्टिक्षेत्राबाहेर. कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रॉन असेल तर ६० एक्सवर नमुन्यावर १०८ नॅनोमीटर पडतो, म्हणजे काठावर. १०० एक्सवर ६५, बरं. तेल लावून झाल्यावर ४० एक्स कोरडी लेन्स फिरवून आणू नकोस. एकच रंग लावलेला नमुना आणि रंग न लावलेला नमुना, दोन्ही बरोबर ने. जेपीईजी कुठेही जतन करू नकोस, त्यात मापं बिघडतात, कृपा कर.

आणि गाइडना सांग की कप्प्याबद्दलचा परिच्छेद आत्ताच पाठवू नका. तुझ्याच्याने नाही होत असेल तर माझं नाव सांग.

शुक्रवारपर्यंत बीड्सची फाइल पाठव. स्क्रीनशॉट नको, मशीनची मूळ फाइल. आणि पाठवण्याआधी तीच स्लाइड ९० अंश फिरवून पुन्हा टिप. लाल तरीही उजवीकडेच असेल, तर मला फोन कर.

सस्नेह