वाचकांचे प्रश्न : पुस्तक ऐकताना

ऑडिओबुकांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राचा विषय मोठा असल्याने त्याचे उत्तरही लांबले आहे.

प्रश्न : मी महालात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. काचबिंदूमुळे छापील मजकूर वाचणे आता जवळजवळ बंद झाले आहे. नातीने मोबाईलवर ऑडिओबुके लावून दिली आणि उन्हाळ्याच्या दुपारी त्यांत बऱ्या जाऊ लागल्या. परंतु दोन गोष्टी मनाला लागून राहतात. ऐकणे म्हणजे काही वाचन नव्हे, असे माझे जुने सहकारी म्हणतात. शिवाय पुष्कळ निवेदक पुस्तक वाचत नाहीत, ते वठवतात. म्हातारीचा आवाज थरथरता, सावकाराचा घोगरा आणि मागे सतत संगीत. चांगला निवेदक ओळखावा कसा?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : सर, आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला मान्य नाही. मराठीत ग्रंथ आधी कानांनी जगला आणि डोळ्यांकडे तो फार उशिरा आला. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते चक्रधरस्वामींच्या सहवासातील माणसांना गाठून, त्यांच्या आठवणी ऐकून. ओवी रचली गेली तीच मुळी म्हणण्यासाठी आणि ऐकण्यासाठी. चातुर्मासात एकाने पोथी वाचायची आणि घरातल्या व शेजारच्या मंडळींनी ऐकायची, ही रीत महालातल्या वाड्यांना नवी नाही. त्या श्रोत्यांतील अनेकांना अक्षरओळख नव्हती, तरी त्यांना ग्रंथ माहीत नव्हता असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

फरक आहे तो दुसरीकडे. डोळा न समजलेल्या ओळीवर आपसूक मागे जातो, कान जात नाही. निवेदक पुढे निघून जातो आणि आपले लक्ष क्षणभर ढळले तर तेवढा मजकूर हातचा सुटतो. म्हणून मागे नेणाऱ्या बटणाचा वापर संकोच न करता करावा. बहुतेक ॲपमध्ये एका स्पर्शाने दहा, पंधरा किंवा तीस सेकंद मागे जाता येते. कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, पत्रे हे सारे कानाला मानवते. तळटीपांचा, आकडेवारीचा किंवा घट्ट विणीचा वैचारिक ग्रंथ मात्र एका बैठकीत एखाद्या प्रकरणाच्या पुढे ऐकू नये, आणि कविता ऐकताना ओळ कोठे तुटली हे निवेदकाच्या विरामावरूनच कळणार असल्यामुळे तेथे निवेदकाची निवड अधिक काळजीने करावी.

आता आपला मुख्य प्रश्न. आवाज गोड आहे की भारदस्त, याला मी दुय्यम मानतो. माझी कसोटी एकच आहे : वाक्य कोठे जाऊन पोचणार आहे, हे ते उच्चारायला सुरुवात करण्यापूर्वी निवेदकाला ठाऊक आहे काय? मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागून येतो, त्यामुळे ही कसोटी आपल्या भाषेत फार कडक ठरते. समजा, मजकूर असा आहे : ‘रात्री उशिरा वाड्याच्या दिंडीदरवाजाशी कोणीतरी उभे होते, हे तिने सकाळी आईला सांगितले नाही.’ वाक्याचा सगळा भार त्या शेवटच्या ‘नाही’वर आहे. ज्याने मजकूर आधी वाचलेला नाही, तो ‘सांगितले’पाशी आवाज खाली आणतो, वाक्य संपल्यासारखे करतो आणि मग उरलेला ‘नाही’ कसाबसा चिकटवतो. ज्याने वाचलेला आहे, तो ‘आईला’नंतर अगदी किंचित थांबतो, आवाज पडू देत नाही, आणि मुलीने काहीतरी मनात ठेवले आहे हे श्रोत्याला त्या थांब्यातच जाणवते. त्यासाठी थरथरता आवाज लागत नाही की संगीत लागत नाही. कोणत्याही ऑडिओबुकाचा नमुना फुकट ऐकता येतो, तेव्हा त्यातील लांब वाक्ये निवडून ऐकावीत; पाच मिनिटांत निवेदकाची तयारी कळते.

पात्रांचे आवाज काढण्याविषयी आपली तक्रार मला पूर्णपणे पटते. पुरुष निवेदकाने स्त्रीपात्रासाठी आवाज चिरका केला की त्या स्त्रीचे दुःखही नकली वाटू लागते. संवाद कोणाचा आहे हे कळण्यापुरता लयीत बदल केला, एकाचे बोलणे थोडे संथ आणि दुसऱ्याचे थोडे तुटक ठेवले, तर पुरेसे होते. बाकीचे काम लेखकाने शब्दांत करून ठेवलेले असते. संगीत प्रकरणाच्या आरंभी व शेवटी असावे. निवेदनाच्या खाली ते सतत वाहत राहिले तर श्रोत्याने कोठे हळवे व्हायचे, हे कोणीतरी दुसराच ठरवू लागतो, आणि ज्यांना वयोमानाने कमी ऐकू येते त्यांना तर शब्दच नीट लागत नाहीत.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 साली सुरू झाले, आणि नभोनाट्ये व श्रुतिका ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीच्या कानाला पात्रागणिक वेगळा आवाज, दाराची करकर, पावसाचा नाद या गोष्टी परिचित आहेत. तो स्वतंत्र कलाप्रकार आहे आणि त्याची संहिताच तशी लिहिलेली असते. त्याचप्रमाणे शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगावी रंगवलेले कथाकथन हाही वेगळा प्रकार. तेथे समोर श्रोते होते, त्यांचे हसू होते, हावभाव होते आणि कथा तासाभरात संपत होती. दहा-बारा तासांची कादंबरी एकट्या श्रोत्याच्या कानाशी वाचायची असेल तर ती ऊर्जा सोसत नाही. पुष्कळ निवेदक नाट्यक्षेत्रातून येतात, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची त्यांची सवय सुटत नाही. गुणी माणसे असूनही ती येथे कमी पडतात, याचे वाईट वाटते.

उच्चारांविषयी थोडे सांगतो, कारण आपण शिक्षक आहात. देवनागरीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन्ही उच्चार एकाच अक्षराने लिहिले जातात. ‘सारे जग’ मधला ‘ज’ आणि ‘तू सुखाने जग’ मधला ‘ज’ हे वेगळे आहेत, आणि कोणता कोठे हे अर्थावरूनच कळते. यंत्राने तयार केलेल्या आवाजातील पुस्तके हल्ली मिळू लागली आहेत. वर्तमानपत्र ऐकायला ती सोय चांगली आहे, परंतु कादंबरीत असा एक ‘ज’ चुकला तरी प्रसंगाचा विरस होतो, म्हणून ललित पुस्तकासाठी मी अजून माणसाचाच आवाज निवडतो.

आपल्यासाठी आणखी एक उपयुक्त माहिती. 1935 साली ब्रिटनमध्ये अंध व्यक्तींसाठी, विशेषतः पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी, ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बोलती पुस्तके देण्यास सुरुवात झाली. आजच्या ऑडिओबुकाचे मूळ मनोरंजनापेक्षा या गरजेत अधिक आहे. आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तके वाचनसुलभ स्वरूपात आणण्याची मोकळीक दिली आहे, आणि ‘सुगम्य पुस्तकालय’ हे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय 2016 पासून सुरू आहे. त्यातील डेझी पद्धतीच्या पुस्तकांत प्रकरण किंवा पान निवडून थेट तेथे जाता येते. नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टीविषयीचे प्रमाणपत्र घेऊन सदस्यत्वाची चौकशी जरूर करावी.

प्रश्न : मी खापरीहून सीताबर्डीला मेट्रोने रोज जाते-येते आणि त्या वेळेत पुस्तके ऐकते. अधिक पुस्तके व्हावीत म्हणून वेग दीडपट ठेवते, पण महिन्याभराने पुस्तकातले फारसे काही आठवत नाही. चूक वेगाची की माझ्या स्मरणशक्तीची?
– एक वाचक, खापरी, नागपूर

उत्तर : स्मरणशक्तीला दोष देऊ नका. वेग वाढवला की शब्दांबरोबर विरामही आखडतात, आणि ऐकलेले मनात बसते ते विरामातच. माहितीपर पुस्तक सवापट वेगाने ऐकायला हरकत नाही. कादंबरी मूळ वेगानेच ऐकावी, कारण तो वेग निवेदकाने विचार करून ठरवलेला असतो. स्थानकावरच्या घोषणा आणि गर्दी यांमुळे तुमच्या प्रवासात सलग लक्ष लागणे कठीण असल्यास कथासंग्रह निवडावेत. एका फेरीत एक कथा पूर्ण होते आणि उतरल्यावर चालताना ती मनात घोळवता येते. पुस्तक घेण्यापूर्वी ते संपूर्ण आहे की संक्षिप्त, हेही पाहावे. तुमच्यासारखे काही श्रोते दुचाकी चालवताना दोन्ही कानांत इयरफोन घालून पुस्तके ऐकतात, असे इतर पत्रांतून दिसते. ते कृपया बंद करावे.

प्रश्न : मी मूळची अकोट तालुक्यातली, आता नागपुरात मनीषनगरला राहते. वऱ्हाडी संवाद असलेल्या कथांचे ध्वनिमुद्रण करण्याची इच्छा आहे. ‘तुझे निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मात्र वऱ्हाडीत, हे कानाला विचित्र वाटेल, संवाद थोडे सौम्य कर,’ असा सल्ला मिळाला. काय करावे? आणि परवानगी कोणाची घ्यावी?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ताई, संवाद सौम्य करू नका. आज मराठी ऑडिओबुकांत माझ्या कानाला सर्वांत जास्त खुपते ते हेच, की गाव कोणतेही असो, शेतकरी बोलू लागला की निवेदक एकच ठरीव गावरान बोली काढतो, जी धड कोल्हापूरची नसते आणि साताऱ्याचीही नसते. अकोटचा माणूस ‘मले’ म्हणतो, ‘काऊन’ विचारतो, ‘डोळा’ याचा ‘डोया’ करतो, ‘काम करून राह्यलो’ म्हणतो. त्याच्या तोंडी ‘न्हाय’ घातले की पात्र गावासकट परके होते. नागपूर शहराची बोली, वऱ्हाडी आणि भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली यांतही फरक आहे, आणि विदर्भातल्या श्रोत्याला तो पहिल्या वाक्यात कळतो. लेखकाने निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत लिहिले असतील, तर दोन्ही तसेच वाचणे हा प्रामाणिकपणा आहे. बोली वाचताना विनोदी सूर लावण्याचा मोह मात्र टाळावा. वऱ्हाडी बोलणारी आई मुलाच्या आजारपणाविषयी बोलत असेल तर तिचे बोलणे हसण्यासाठी नाही.

परवानगीविषयी : भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून पुढे 60 वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतात. तो काळ संपलेला असेल तर परवानगी लागत नाही. परंतु साहित्य अनुवादित असेल तर अनुवादाचा हक्क वेगळा मोजावा लागतो. हक्क चालू असतील तर लेखक किंवा त्यांचे वारस यांच्याकडून लेखी संमती घ्यावी. प्रकाशकाकडे अनेकदा केवळ छपाईचे हक्क असतात, तेव्हा त्यांच्या तोंडी होकारावर विसंबू नये. संमतीपत्रात ध्वनिमुद्रण व त्याचे वितरण यांचा स्पष्ट उल्लेख असावा, आणि तुम्हाला मानधन किती व कशा हप्त्यांत मिळणार, हेही लिहून घ्यावे.

घरी मुद्रण करणार असाल तर नागपुरात सर्वांत मोठा अडथळा कूलरचा आहे. एप्रिल ते जून आपलाच नव्हे तर शेजारचा कूलरही माइकमध्ये येतो, म्हणून पहाटेची वेळ निवडावी, खिडकीला जाड गोधडी लावावी आणि माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला ठेवावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ उच्चारताना हवेचा फटका बसत नाही. पहिली कथा पूर्ण करण्याआधी तिची दहा मिनिटे मुद्रित करून अकोटच्या तुमच्या माणसांना आणि विदर्भाबाहेरच्या एखाद्या परिचिताला ऐकवा. अकोटकरांना बोली खरी वाटली आणि बाहेरच्याला प्रसंग कळला, तर पुढचे मुद्रण त्याच पद्धतीने करा.